बी.एस्सी. झाली, आता नोकरी, एम.एस्सी. की एमपीएससी?

प्रश्न थोडक्यात असा: "मी बार्शी तालुक्यातली. यंदा बी.एस्सी. केमिस्ट्री झाले, ६८ टक्के. कुरकुंभ एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्यूसी (गुणवत्ता तपासणी) ट्रेनीची ऑफर आहे. पॅकेज २ लाख ४० हजार, दोन वर्षांचा बाँड, मोडला तर एक लाख भरायचे. पंधरा दिवसांत हो-नाही कळवायचंय. कॉलेजचे सर म्हणतात, सोलापूरला एम.एस्सी. कर. मैत्रिणी एमपीएससीसाठी पुण्याला निघाल्यात. मी गेले तर पप्पा महिना बारा हजार द्यायला तयार आहेत. आई म्हणते, काहीही कर, पण दोन वर्षांत लग्नाचं बघायचं. मला नक्की काय आवडतं तेच कळत नाही. निर्णय चुकला तर?"

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्याच्यावर अडून बसलंय. तुमच्यासमोर आयुष्यभराचा निर्णय नाही, साधारण दोन वर्षांचा आहे. धीर द्यायला म्हणत नाही. तिन्ही वाटांचे नियम आणि तारखा मांडून बघितल्या की तसंच दिसतं. मी आधी औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आणि नंतर कॉलेजच्या प्लेसमेंट विभागात मिळून वीसेक वर्षं काढली. या काळात ज्या मुलामुलींचं नुकसान होताना पाहिलं, त्यातल्या बहुतेकांनी वाट बरी निवडली होती. तिच्यावर कुठवर चालायचं, हे मात्र आधी ठरवलेलं नव्हतं.

आता "काय आवडतं ते कळत नाही" याबद्दल. एकविसाव्या वर्षी ते कळावं अशी अपेक्षाच चुकीची आहे. तुम्ही आतापर्यंत ब्युरेट, पिपेट, सॉल्ट अ‍ॅनालिसिस आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या नोट्स एवढंच पाहिलंय. त्यावरून औषध कंपनीतलं काम, संशोधन किंवा तहसील कचेरीतली खुर्ची आवडेल की नाही, हे घरी बसून कसं कळणार? आवड शोधायची म्हणून वर्षभर घरी थांबलेली मुलं मी पाहिली आहेत. वर्षअखेरीस त्यांच्याकडे आवडही नसते आणि गॅप मात्र असते. म्हणून हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. त्याऐवजी प्रत्येक पर्यायाला दोन गोष्टी विचारा: हे दार कधी बंद होतं? आणि फसलं, तर हातात काय उरतं?

दारांचं बघू. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे ते दार तुमच्यासाठी कमीत कमी सोळा-सतरा वर्षं उघडं आहे. एम.एस्सी.चे प्रवेश दरवर्षी होतात. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी जी 'जॅम' परीक्षा असते, तिला वयाची अटच नाही. लवकर बंद होणारं दार एकच, फ्रेशर म्हणून मिळणाऱ्या पहिल्या नोकरीचं. कंपन्या ट्रेनी घेताना चालू वर्षाची किंवा फार तर मागच्या वर्षाची बॅच मागतात. तीन वर्षांपूर्वी पास झालेली, मध्ये स्पर्धा परीक्षा केलेली बी.एस्सी. मुलगी मुलाखतीला आली, तर समोरचा मोलॅरिटी-नॉर्मॅलिटीतला फरक विचारतो आणि तिथेच गाडी अडते. तिची हुशारी कमी झालेली नसते, हात सुटलेला असतो.

म्हणून माझा कल नोकरीकडे आहे. पण 'कुठलीही नोकरी' असं मी म्हणणार नाही. तुमच्या ऑफरमध्ये काही गोष्टी तपासल्याशिवाय हो म्हणू नका.

पहिलं, पैसे. २ लाख ४० हजार म्हणजे महिना वीस हजार हातात, असं घरी सांगून बसला असाल तर आधी ते दुरुस्त करा. हा आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाचा. समजा बेसिक बारा हजार आहे. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये, यातच धरलेला असतो. ग्रॅच्युइटीपोटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे ५७७ रुपयेही धरतात. पगार २१ हजारांच्या आत असल्यामुळे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होतो. त्यात कंपनीचा वाटा सव्वातीन टक्के. हे सगळं वजा केलं की ग्रॉस साधारण १७,४०० उरतो. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ आणखी १,४४० आणि ईएसआयचे १३० जातात. व्यवसाय कर पुरुषाला महिना दोनशे पडला असता. महाराष्ट्रात महिलांना एप्रिल २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारावर तो माफ आहे. म्हणजे हातात १५,८०० च्या आसपास. कँटीन आणि बसचे पैसे कापत असतील तर त्याहून कमी. काही कंपन्या वर्षअखेरचा बोनसही सीटीसीत धरतात, मग महिन्याचा आकडा आणखी खाली येतो. ऑफर लेटरसोबत पगाराची फोड मागा. ती मागण्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही; एचआरला रोज कोणीतरी ती विचारतंच.

दुसरी गोष्ट पैशापेक्षा महत्त्वाची: तुम्ही कंपनीच्या रोलवर असणार की कॉन्ट्रॅक्टरच्या? एमआयडीसीत गेटवर नाव मोठ्या कंपनीचं असतं, पण पगार पुरवठादार एजन्सीकडून होतो. काम तेच, एप्रनही तोच, मात्र अनुभवाचं पत्र एजन्सीच्या नावावर मिळतं आणि पुढच्या मुलाखतीत त्याचं वजन निम्मं होतं. पत्रात 'अप्रेंटिस' असं लिहिलं असेल तर ती वेगळीच गोष्ट. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ते प्रशिक्षण धरलं जातं, पगाराऐवजी विद्यावेतन मिळतं (२०१९ च्या नियमांत पदवीधराला किमान ९,००० ठरवलं होतं) आणि वर्ष संपल्यावर तुम्हाला कायम करण्याचं बंधन कंपनीवर नसतं. अप्रेंटिसशिप वाईट नाही, बाँडशिवाय असेल तर मी ती आनंदाने करा म्हणेन. पण अप्रेंटिसशिपला दोन वर्षांचा बाँड जोडला असेल तर सरळ नाही म्हणा.

तिसरं म्हणजे बाँड. याबद्दल कट्ट्यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक, "बाँडला कोर्टात काही किंमत नसते." दोन, "बाँड मोडला तर पोलीस येतात." दोन्ही खोटी. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ नुसार कोणाला व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार चालत नाही, पण नोकरीत असतानाच्या काळासाठी घातलेली अट वेगळी धरली जाते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. तेव्हा बाँड हा नुसता कागद आहे असं समजून सही करू नका. दुसरीकडे, ती सरकारी बँक होती आणि भरतीच्या खर्चाचा मुद्दा तिथे होता. प्रत्येक कंपनीचा प्रत्येक आकडा तसाच टिकेल असंही नाही. कलम ७४ प्रमाणे करारात रक्कम लिहिलेली असली तरी भरपाई वाजवीच मिळते, लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा. हा दिवाणी मामला आहे, पोलिसांचा इथे काही संबंध नाही.

एचआरला ईमेलवर विचारायचं ते असं. वर्षभर काम केल्यावर रक्कम निम्मी होते का? कंपनीनेच काढलं तर बाँड लागू होतो का? नोटीस पिरियड किती? रिलीव्हिंग लेटर कधी मिळतं? औषध कंपन्यांत शेवटचा प्रश्न कळीचा, कारण पुढची कंपनी रिलीव्हिंग लेटरशिवाय रुजू करून घेत नाही. सही केलेला कोरा चेक मागितला तर देऊ नका. मूळ मार्कशीट 'जमा करा' म्हणाले तर तेही नाही. दाखवायची आणि परत घ्यायची. आणि रुजू करण्यासाठी कोणी 'प्रोसेसिंग'चे पैसे मागत असेल तर ती ऑफरच नव्हे.

आता नोकरीतून काय मिळेल ते सांगतो, कारण १५,८०० वर नजर गेली की हे निसटतं. क्यूसीत पहिले सहा महिने तुम्हाला कंटाळा येईल. काचेची भांडी, सॅम्पलची नोंद, पीएच मीटरचं कॅलिब्रेशन, वजन करून प्रिंट काढायची, ती चिकटवून सही करायची. कॉलेजात रीडिंग चुकलं की आपण खोडून पुन्हा लिहायचो, शेजारच्या बेंचवरचंही उतरवायचो. इथे चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, आतला आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. व्हाइटनर प्रयोगशाळेत दिसता कामा नये. एचपीएलसीवर (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) आधी स्टँडर्डची, म्हणजे प्रमाणित नमुन्याची, पाच-सहा इंजेक्शन्स द्यायची, आरएसडी, म्हणजे त्या आकड्यांमधली तफावत, दोन टक्क्यांच्या आत आली तरच सॅम्पल लावायचं. नाही आली तर मोबाइल फेज, कॉलम, बुडबुडे, एकेक करून तपासत बसायचं. कोणी पीक इंटिग्रेट करताना (आलेखावरचं शिखर मोजताना) हात चलाखी केली तर ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे संगणकातल्या आपोआप होणाऱ्या नोंदीत, नाव, वेळ, सगळं राहतं. एखाद्या बॅचचा निकाल ओओएस, म्हणजे मर्यादेबाहेर आला की खरी परीक्षा. वरिष्ठ विचारतात, "तू काय केलंस ते पहिल्यापासून सांग." तेव्हा ज्याची नोंद स्वच्छ, तो निर्धास्त असतो. ही सवय अंगात भिनली की ती औषध कंपनीपुरती राहत नाही.

याशिवाय एक गोष्ट कॉलेजात सहसा कोणी सांगत नाही. ती म्हणजे एफडीएची, अर्थात अन्न व औषध प्रशासनाची, मान्यता. १९४५ च्या औषध नियमांप्रमाणे औषधांचं उत्पादन ज्या तांत्रिक माणसाच्या देखरेखीखाली व्हावं लागतं, तो बी.फार्म. असेल तर त्याला दीड वर्षाचा अनुभव लागतो. केमिस्ट्री मुख्य विषय घेतलेला बी.एस्सी. असेल तर उत्पादनातला किमान तीन वर्षांचा. चाचणी विभागातल्या माणसांसाठीही एफडीएकडून केमिकल, इन्स्ट्रुमेंटल अशी मान्यता घेतात. नोकरीच्या जाहिरातीत 'एफडीए अप्रूव्ड' असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल, ते हेच. ही मान्यता हातात आली की साधी बी.एस्सी. साधी राहत नाही. कुरकुंभचा अनुभव वाळूज, तारापूर, महाड, चिंचोळी, गोव्यातलं वेर्णा, कुठेही चालतो. म्हणून मुलाखतीत किंवा ईमेलवर हेही विचारा: "तुमच्याकडे ट्रेनींची नावं एफडीए मान्यतेसाठी साधारण कधी पाठवतात?" उत्तर टाळलं तर समजा, तिथे तुमच्याकडून नुसतं हातकाम करून घेणार आहेत.

पाळ्यांचंही विचारा. क्यूसीत मुली बऱ्याच असतात, पण जनरल शिफ्ट कायम राहील असं गृहीत धरू नका. मुलींना रात्रपाळी लावायची तर त्यांची संमती आणि ने-आण ही कंपनीची जबाबदारी आहे. कुरकुंभजवळ दौंडला राहणार असाल तर बस कुठून, किती वाजता, दुसरी पाळी सुटल्यावर घरापर्यंत की चौकापर्यंत, हे आधीच कळलेलं बरं. रुजू होण्याआधी पप्पांना घेऊन एकदा जाऊन या आणि तिथे राहणाऱ्या मुलींशी बोला. एचआर जे सांगत नाही ते त्या दहा मिनिटांत सांगतील.

एम.एस्सी.बद्दल तुमच्या सरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आर अँड डीमध्ये जायचं असेल तर एम.एस्सी. लागतेच, त्यातही ऑरगॅनिकला मागणी जास्त. सीएसआयआर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन संशोधनाकडे वळायचं असेल तरी एम.एस्सी. हवीच, जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार फेलोशिप आहे, म्हणजे पीएच.डी.साठी घरच्यांकडे हात पसरावा लागत नाही. पण "नोकरीचं कळत नाही म्हणून एम.एस्सी." हे कारण मला पटत नाही. तसं केलेली मुलं दोन वर्षांनी याच कुरकुंभच्या गेटवर, याच पदासाठी, दोन-तीन हजार जास्त पगारावर उभी असतात.

एम.एस्सी. करायचीच तर विभागात जाऊन बघा. एचपीएलसी, जीसी, आयआर ही यंत्रं आहेत का, हा प्रश्न पुरेसा नाही. चालू आहेत का आणि विद्यार्थ्यांना हात लावू देतात का, ते दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. मागच्या बॅचमधले चार जण आत्ता कुठे आहेत, तेही. जॅमची तयारी करून मोठ्या संस्थेत जाता आलं तर ती एम.एस्सी. वेगळ्या तोलाची. परीक्षा फेब्रुवारीत असते आणि अर्ज आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरतात, म्हणजे नोकरी धरून पुढच्या वर्षीसाठी ती देता येते. नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून एम.एस्सी. करायचा पर्याय सांगणारेही भेटतील. केमिस्ट्रीला प्रॅक्टिकलची हजेरी चुकत नाही, आणि ट्रेनीला तेवढी सुट्टी कोणी देत नाही, एवढं लक्षात असू द्या.

आता एमपीएससी. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडे गावोगावच्या पदवीधरांची तीन-चार वर्षं सगळ्यात जास्त इथेच जातात, आणि कोणी सरळ बोललं की तो स्वप्नाच्या आड आला असं वाटतं.

परीक्षा वाईट नाही, काम तर मोठंच आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे, हेही तुमच्या बाजूचं. पण गणित बघा. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. तेही तलाठी. यूपीएससीत २०२४ च्या परीक्षेतून देशभरातून १,००९ जणांची शिफारस झाली. राज्यसेवेचं स्वरूपही आता बदललंय. पुण्यात २०२३ च्या सुरुवातीला आंदोलनं झाली तो वर्णनात्मक पॅटर्न २०२५ पासून लागू झाला: पूर्व परीक्षा ४०० गुणांची, मुख्य १,७५० आणि मुलाखत २७५. वैकल्पिक विषयही आला. पर्याय रंगवून भागत नाही, पानंच्या पानं लिहावी लागतात. "दोन वर्षांत होऊन जाईल" असं तुमच्या मैत्रिणींना कोणी सांगितलं असेल, तर त्याने बहुधा क्लास काढलेला असावा.

त्यात वेळापत्रक तुमच्या हातात नाही. ५ एप्रिल २०२० ला ठरलेली राज्यसेवा पूर्व परीक्षा पुढे ढकलत ढकलत शेवटी २१ मार्च २०२१ ला झाली. करोनाचा काळ होता, मान्य. पण सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाला त्या वर्षाचंही भाडं द्यावं लागलं आणि मेसचे पैसेही. एरवीसुद्धा "यंदा जाहिरात उशिरा", "जागा वाढणार आहेत म्हणे", "निकाल कोर्टात अडकलाय" यातच महिने जातात. अभ्यासिका सकाळी सातला उघडते, रात्री अकराला बंद होते. मधल्या वेळात अभ्यास किती आणि चहाच्या टपरीवरची कट-ऑफची चर्चा किती, हे ज्याचं त्याला माहीत.

महिना बारा हजार म्हणजे दोन वर्षांचे २ लाख ८८ हजार. शिवाय त्या काळात न मिळालेला पगार, साधारण ३ लाख ८० हजार. मिळून साडेसहा लाखांच्या वर. पप्पा "पैशाचं बघू नको" म्हणतील, बाप म्हणतोच तसं. पण तुम्ही बघा. आणि फसलं तर हातात काय उरतं, हा दुसरा प्रश्न इथे फार बोचतो: पोस्ट निघाली नाही तर त्या दोन वर्षांचं प्रमाणपत्र कोणी देत नाही.

तरीही एमपीएससी करावीशी वाटत असेल तर एक चाचणी घ्या, आणि ती पुण्याला जाण्याआधी, घरी. आयोगाच्या संकेतस्थळावर मागचे पेपर मिळतात. सामान्य अध्ययनाचा एक पेपर घ्या, शंभर प्रश्न, दोन तास, घड्याळ लावून सोडवा. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा वजा धरा. दुसऱ्या दिवशी सीसॅट, म्हणजे आकलन आणि बुद्धिमापनाचा पेपर. त्यात ३३ टक्के मिळाले की पुरतात, पण तिथेच अडणारे खूप आहेत. पहिले गुण काहीही येऊ देत. मग शालेय पुस्तकं, एक वर्तमानपत्र, एवढंच घेऊन तीन महिने रोज चार-पाच तास बसा आणि पुन्हा वेगळ्या वर्षाचे पेपर सोडवा. गुण ठळक वाढले आणि मुख्य म्हणजे बसायचा कंटाळा आला नाही, तर तुमच्यात ते आहे. मग पप्पांचे पैसे घ्या आणि जा. तीन महिन्यांत पुस्तक उघडायलाच जड जात असेल तर पुण्याच्या अभ्यासिकेतही तेच होणार, फक्त भाडं भरून.

नोकरी करत राज्यसेवा होते का? खरं सांगतो, क्यूसीतल्या पाळ्या करून पूर्ण तयारी होत नाही. पहिल्या वर्षी तर नाहीच. पण आपल्याकडे सरकारी नोकरी म्हणजे उपजिल्हाधिकारी नाहीतर पीएसआय असं समीकरण झालंय, ते जरा सोडा. न्यायसहायक प्रयोगशाळांत वैज्ञानिक सहाय्यकांची पदं निघतात, तिथे रसायनशास्त्र घेतलेली बी.एस्सी. चालते. एफडीएतल्या अन्न सुरक्षा अधिकारी पदाच्या पात्रतेत रसायनशास्त्रातली एम.एस्सी. आहे. या परीक्षांना तुमचाच विषय लागतो, आणि एचपीएलसी हाताळलेली मुलगी पुस्तकातून पाठ केलेल्यापेक्षा तिथे पुढे असते. सदाशिव पेठेतल्या गर्दीत या जाहिरातींची फारशी चर्चा होत नाही, ते तुमच्या पथ्यावरच आहे.

तर माझं मत एका जागी सांगतो. नोकरी कंपनीच्या रोलवर असेल आणि बाँडची रक्कम काळाप्रमाणे कमी होत असेल, तर नोकरी घ्या. दोन वर्षं पूर्ण करा. तिथे बरं चाललं असेल तर एफडीए मान्यता येईपर्यंत आणखी एक. पहिल्या दिवाळीपर्यंत आवडलं नाही म्हणून लगेच सोडू नका, नवीन कामात पहिले सहा महिने सगळ्यांनाच आपण गाढव आहोत असं वाटतं. रोल कॉन्ट्रॅक्टरचा निघाला किंवा बाँडवर कंपनी काही बोलायलाच तयार नसेल, तर एम.एस्सी.ला प्रवेश घ्या आणि सोबत जॅमचा अर्ज भरा. पुणे-एमपीएससी आत्ता नाही. घरची चाचणी पास झालात तर तेव्हा.

हे घरी कसं मांडायचं? पप्पांना "मला करिअर करायचंय" हे वाक्य कळत नाही, तारीख कळते. एक कागद घ्या. त्यावर लिहा: अमुक महिन्यात रुजू, हातात इतके, राहण्या-जेवण्याचा खर्च इतका, घरी इतके पाठवीन किंवा साठवीन, अमुक तारखेला आपण पुन्हा बसून बघू, आणि तेव्हा हे-हे झालं नसेल तर मी एम.एस्सी.ला जाईन. तो बारा हजारांचा शब्द त्यांनी दिलाय ना? तो मोडू नका, पुढे ढकला. "दोन वर्षांनी जॅममधून बाहेरगावी गेले तर तेव्हा द्या" म्हणा. आईच्या म्हणण्यावर आत्ता वाद घालत बसू नका. स्थळं बघायला लागली तर नोकरी चालू राहील हे पहिल्या बोलण्यातच सांगायचं, एवढी एकच गोष्ट तिच्याकडून कबूल करून घ्या. ती तुमच्या बाजूने उभी राहिली तर मावश्या-आत्यांना तीच उत्तरं देईल.

मैत्रिणी पुण्याला निघाल्या म्हणून आपण मागे पडतोय, असं वाटणार. साहजिक आहे. एकटीने दौंडला खोली घेऊन राहणं तिघीचौघींनी मिळून पुण्यात राहण्यापेक्षा अवघड आहे, आणि पहिले काही रविवार वाईट जातील. तेवढ्यासाठी निर्णय बदलू नका. बार्शीची एसटी आहेच.

पंधरा दिवसांचं म्हणाल तर आजच एचआरला ईमेल टाका: पगाराची फोड, रोल, बाँडची प्रत, एफडीए मान्यता, पाळ्या आणि बस. फोनवर मिळालेली उत्तरं धरू नका. बोलणं झालं तरी "आत्ता बोलल्याप्रमाणे" म्हणून तेच मुद्दे ईमेलवर लिहून पाठवा. दरम्यान सोलापूरच्या एम.एस्सी. प्रवेशाची शेवटची तारीख बघून अर्ज भरून ठेवा, जागा लागली तर फीही भरा. यूजीसी फी-परताव्याचं धोरण जाहीर करते. ठरलेल्या तारखेच्या आत प्रवेश रद्द केला तर संस्थेला फी परत करावी लागते आणि मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. यंदाचं परिपत्रक यूजीसीच्या संकेतस्थळावरून काढून जवळ ठेवा, कारण काही ठिकाणी खिडकीवरचा क्लार्क "असं काही नसतं" म्हणतो. बाराव्या दिवसापर्यंत एचआरचं लेखी उत्तर आलं नाही तर एकदा फोन करा, दोन दिवसांची मुदत मागा. तीही दिली नाही, तर नम्रपणे नाही कळवा आणि सोलापूरला जा. बाँडची प्रत आली आणि एखादं कलम कळलं नाही, तर नाव-पत्ता झाकून त्याचा मजकूर इथेच टाका. मी बघून सांगतो.